पान उलटून पाहा: घरच्या भाजीवरची आणि कोथिंबीर-पुदिन्यावरची कीड आवरताना

घरच्या भाजीवर कीड दिसली की पहिला प्रश्न येतो तो ‘काय फवारू?’ हा. खरं तर तो तिसरा प्रश्न आहे. त्याआधी कीड कोणती आणि ती झाडावर नेमकी कुठे, कोणत्या अवस्थेत बसली आहे, हे कळायला हवं. घरगुती फवारे फसतात ते औषध सौम्य असल्यामुळे क्वचितच. फवारा पडतो पानाच्या वर आणि कीड असते पानाखाली. शिवाय तो एकदाच होतो आणि त्याला दाद न देणारी अंडी आठवडाभरात फुटतात. म्हणून इथे औषधांच्या नावांपेक्षा फवारा कुठे पडला पाहिजे आणि किती दिवसांनी परत पडला पाहिजे, याला जास्त जागा दिली आहे.

पाहणी: आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं

हाताशी दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक पांढरा कागद, छोटी कात्री आणि साबणाच्या पाण्याने अर्धा भरलेला डबा असू द्या. सकाळची वेळ बरी, कारण थंडाव्यात पांढरी माशी आणि भुंगेरे सुस्त असतात, लगेच उडत नाहीत.

पाहणी वरून खाली करा. आधी शेंडा आणि कळ्या: मावा, फुलकिडे आणि पिवळा कोळी (माइट) इथे सापडतात. मग मधली पानं उलटून बघा. तिथे पांढऱ्या माशीची अंडी आणि चपटी, न हलणारी पिल्लं असतात. खालची जून पानं लाल कोळ्यासाठी. फांद्यांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण. शेवटी मातीचा पृष्ठभाग: तिथे काळ्या दाण्यांसारखी विष्ठा पडलेली दिसली तर तिच्या बरोबर वरच्या पानाखाली किंवा देठाला चिकटून अळी असणारच.

पानावर बारीक पिवळट ठिपके आहेत पण काही दिसत नाही, असं झालं तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका आणि अर्धा मिनिट थांबा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके संथपणे चालू लागले तर तो कोळी. भिंगातून आठ पाय दिसतील. एखाद मिलिमीटर लांबीचे, बारीक रेघेसारखे, भरभर पळणारे असतील तर फुलकिडे. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण कोळी हा कीटक नाही. कीटकनाशक म्हणून विकली जाणारी अनेक औषधं कोळ्यावर चालत नाहीतच, उलट कोळी खाणारे भक्षक मारून त्याला मोकळं रान देतात.

मिरचीचा चुरडा आणि इतर खुणा

सगळ्यात जास्त गोंधळ मिरचीच्या वाकड्या पानांवरून होतो, म्हणून आधी तेच. पानाच्या कडा वर वळल्या असतील आणि पानाखाली शिरेलगत चंदेरी-तपकिरी ओरखडे दिसत असतील, तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान अरुंद आणि कडक झालं, देठ लांबलेला वाटला, तर पिवळा कोळी; तो इतका बारीक असतो की साध्या डोळ्यांना दिसतच नाही. पानं लहान, पिवळी, गुच्छासारखी होऊन झाडाची वाढच थांबली असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोन्हींवर इलाज आहे. तिसऱ्यावर कोणताही फवारा चालत नाही, ते झाड काढावंच लागतं.

टोमॅटोचंही तसंच, पण एक फरक लक्षात ठेवा. उष्णतेने किंवा पाणी कमी-जास्त झाल्याने टोमॅटोची खालची पानं आतल्या बाजूला गुंडाळतात. ती जाड आणि हिरवीगार राहतात, शेंडा सरळ वाढत असतो. त्यात कीड नसते आणि फवारणीची काहीच गरज नसते.

विषाणूचं झाड उपटताना ते आधी हलवू नका. पहाटे, माश्या सुस्त असताना, वरून प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, तोंड बुंध्याशी आवळा आणि मगच उपटा. उघडं झाड ओढून काढलं की त्यावरच्या माश्या थेट शेजारच्या निरोगी झाडावर बसतात, विषाणूसकट. भेंडीवरच्या केवड्यालाही, म्हणजे पिवळ्या शिरांच्या रोगाला, हाच नियम.

बाकीच्या खुणा भराभर:

पानं चिकट आणि त्यावर काजळीसारखा काळा थर असेल तर वरच्या पानांच्या खालच्या बाजूला मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण रस शोषत आहे. तो चिकटा त्यांचाच, आणि काळी बुरशी त्या गोड चिकट्यावर वाढते. मूळ कीड गेली की काजळी ओल्या फडक्याने पुसून निघते.

पानात पांढऱ्या, नागमोडी रेषा म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन थरांमध्ये असल्याने वरून मारलेला साबण किंवा तेल तिच्यापर्यंत पोचत नाही. रेघोट्यांची पानं तोडून पिशवीत बंद करा, एवढं पुरतं. थोड्या रेषांनी उत्पन्नाला धक्का लागत नाही. तिच्यावर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या फवारणीने मारल्या की मात्र ती हाताबाहेर जाते.

वांग्याचा एखादाच शेंडा मान टाकतो आणि बाकी झाड टवटवीत असतं, तेव्हा आत शेंडा पोखरणारी अळी आहे. सुकलेल्या भागाच्या दोन-तीन सेंटिमीटर खालपासून शेंडा कापा आणि कापलेलं टोक बघा. पोकळी अजून दिसत असेल तर आणखी खाली कापा. कापलेले शेंडे मातीवर टाकायचे नाहीत. साबणाच्या डब्यात टाका.

मारण्याआधी कोण आहे ते बघा

मावा असलेल्या झाडावर बहुधा त्याला खाणारेही आलेले असतात, आणि घाईत आधी तेच चिरडले जातात. ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी तिच्या पालकांसारखी मुळीच दिसत नाही: लांबट, काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, टोकाकडे निमुळती, आणि पानावरून सतत फिरत असते. मावा थव्याने एका जागी बसतो, ही एकटी हिंडते. सिरफिड माशीची अळी हिरवट, बिनपायाची, माव्याच्या थव्यातच असते. तिला पानं खाणारी अळी समजून काढू नका. पानावर केसाएवढ्या बारीक दांड्यावर उभी पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची. आणि माव्यामध्ये काही मावे फुगलेले, तपकिरी, कागदासारखे कोरडे दिसले तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशी वाढते आहे. एका पानावर असे चार-पाच मावे दिसले की आठवडाभर काहीही न फवारता नुसतं पाणी मारून बघा.

ढालकिड्यासारखाच दिसणारा एक खरा शत्रूही आहे. वांगी, बटाटा, टोमॅटो आणि वेलवर्गीय भाज्यांवर येणारा एपिलॅक्ना भुंगेरा विटकरी रंगाचा, निस्तेज असतो, अंगावर बारीक लव असते आणि काळे ठिपके पुष्कळ, बहुधा अठ्ठावीस. मित्र ढालकिडा चकचकीत असतो. एपिलॅक्नाची अळी पिवळी, काटेरी असते आणि पान खरवडून शिरांची जाळी मागे ठेवते. हे भुंगेरे, अळ्या आणि पानाखालची उभ्या पिवळ्या अंड्यांची पुंजकी हातानेच वेचून डब्यात टाका. आठ-दहा कुंड्यांसाठी याहून चांगला उपाय नाही.

पाण्याचा मारा

माव्यावर आणि लाल कोळ्यावर पहिला उपाय पाणीच. एका हाताने शेंडा आधाराला धरा आणि खालून वर, पानाच्या पाठीवर, नळीने जोरात पाणी मारा. मावा एकदा खाली पडला की बहुतेक वेळा परत चढू शकत नाही, कारण रस शोषत असताना ढकलला गेला की त्याची सोंड मोडते. दिवसाआड तीनदा हे करा. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट जिवंत पिल्लं घालते आणि पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः वीत असतं. त्यामुळे एक फेरी करून सोडून दिलं तर पुढच्या आठवड्यात थवा पूर्ववत.

हे काम सकाळी करा, म्हणजे पानं दिवसभरात सुकतील. रात्रभर ओली राहिलेली दाट झाडं बुरशीला आमंत्रण देतात.

कोथिंबीर, पुदिना, बेसिल यांना जोराची धार सोसत नाही. त्यांच्यासाठी कुंडीच्या मातीवर कापड किंवा जाड कागद घट्ट बसवा, तळहाताने तो धरून कुंडी उलटी करा आणि नुसता पाला बादलीतल्या पाण्यात पाच-सहा वेळा हलवून काढा. पाण्यावर तरंगणारा मावा बघितला की फवाऱ्याच्या तुलनेत हे किती काम करतं ते कळतं.

साबणाचं पाणी: साधं वाटतं, पण इथेच सगळं बिघडतं

साबण मऊ शरीराच्या किडींच्या अंगावरचा मेणाचा थर आणि पेशींचं आवरण फोडतो. मावा, तुडतुडे, पांढऱ्या माशीची पिल्लं, फुलकिडे, कोळी यांच्यावर तो चालतो. भुंगेऱ्यांवर आणि मोठ्या अळ्यांवर जवळपास नाहीच. तो ओला असतानाच काम करतो. पानावर सुकला की संपला. त्यामुळे ज्या किडीच्या अंगावर थेंब पडला नाही, ती वाचली.

कीटकनाशक साबण म्हणून मिळणारा पोटॅश साबण असेल तर लिटरला साधारण १० ते २० मिली. बाटलीवरची मात्रा वेगळी असेल तर ती पाळा. तो नसेल तर सुगंध आणि रंग नसलेला खरा द्रव साबण लिटरला ५ मिली. भांडी घासायचं द्रव आणि कपड्याची पावडर यांत बहुधा साबण नसून डिटर्जंट, ग्रीस काढणारी रसायनं असतात. ती पानाचं स्वतःचं मेणही काढतात आणि दोन दिवसांनी कडा करपलेल्या दिसतात.

फवारण्यापूर्वी पाण्याची परीक्षा करा. काचेच्या बरणीत ठरल्या प्रमाणात मिश्रण करा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवा. वर पांढरट साय किंवा गाठी तरंगल्या तर पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियमने साबण बांधून टाकला आणि किडीसाठी काही उरलं नाही. अशा वेळी पावसाचं किंवा शुद्ध केलेलं पाणी वापरा. ‘साबणाने काही होत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा जड पाणीच असतं.

दुसरी परीक्षा झाडावर. एका फांदीच्या तीन-चार पानांवर फवारून ४८ तास थांबा. डाग पडले नाहीत तरच पूर्ण झाडावर. कोमेजलेलं, पाण्याला आलेलं, नुकतंच लावलेलं रोप आणि ३२ अंशांच्या वरचं तापमान, यांपैकी काहीही असेल तर साबण नको. सलग तीन फवाऱ्यांनंतर दोन आठवडे थांबा, पानाला आपला थर परत तयार करू द्या. नाजूक पाला असेल तर दोन-तीन तासांनी स्वच्छ पाण्याने धुऊन टाका. साबणाचं काम तोवर झालेलं असतं.

कडुनिंब: तेल, अर्क आणि त्यांची घाई

कडुनिंबातलं अझॅडिरॅक्टिन कीड लगेच मारत नाही. ते तिची भूक मारतं आणि पिल्लांना कात टाकू देत नाही. म्हणून फवारल्यावर दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसली की लोक मात्रा दुप्पट करतात, आणि पानं जळतात. परिणाम बघायला पाच ते सात दिवस द्या.

कच्चं थंड दाबाचं कडुनिंब तेल लिटरला ५ मिली. तेल थंडीत गोठतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्या. एका कपात थोडं कोमट पाणी, त्यात २ मिली द्रव साबण आणि मग तेल घालून ते दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवा. उरलेलं पाणी पंपात आधी भरा आणि हे मिश्रण त्यात ओता. उलट क्रमाने केलं, म्हणजे पाण्यात थेट तेल ओतलं, तर तेल वर तरंगतं. पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटच्या झाडावर निव्वळ तेल. तिथली पानं करपली की दोष कडुनिंबाला जातो. फवारताना दर दोन-तीन मिनिटांनी पंप हलवत राहा.

बाजारी औषधावर पीपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे अझॅडिरॅक्टिनचं प्रमाण. सर्वसाधारणपणे १०,००० पीपीएमचं १ ते २ मिली, १,५०० पीपीएमचं ३ ते ५ मिली लिटरला लागतं. अंतिम शब्द लेबलचा.

निंबोळ्या मिळत असतील तर ५ टक्के अर्क घरी होतो. सावलीत वाळवलेल्या, बुरशी नसलेल्या निंबोळ्यांच्या बियांतला गर कुटून ५० ग्रॅम भरड घ्या, कापडाच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा. सकाळी पुरचुंडी पिळून पिळून दुधाळ पाणी काढा, दुहेरी कापडातून गाळा, पाणी घालून १ लिटर करा आणि २ मिली साबण मिसळा. गाळण नीट झाली नाही तर पंपाचं तोंड हमखास तुंबतं.

दोन्ही मिश्रणं त्याच दिवशी संपवा. पाण्यात मिसळलेलं अझॅडिरॅक्टिन टिकत नाही आणि उन्हात तर ते फार लवकर मोडतं. उरलेलं बाटलीत भरून पुढच्या आठवड्यात वापरणं म्हणजे वासाचं पाणी फवारणं.

फवारा कसा मारायचा

१ ते २ लिटरचा हातपंप, ज्याचं तोंड वर वळवता येतं असा, घ्या. तणनाशकासाठी वापरलेला पंप भाजीसाठी कधीही नको, कितीही धुतला तरी. झाडाला दोन-तीन तास आधी पाणी द्या. फवारणी संध्याकाळी ऊन उतरल्यावर करा; मधमाश्या तेव्हा घरी गेलेल्या असतात. उमललेल्या फुलांवर तरीही मारू नका.

पंपाचं तोंड झाडाखाली धरून वर, पानाच्या पाठीवर फवारा; मग बुंधा आणि बेचके; वरची बाजू सगळ्यात शेवटी. पानाच्या टोकावरून थेंब गळायला लागला की थांबा. दाट झाड असेल तर आधी खालची पिवळी आणि आतली गर्दीची पानं कापा, नाहीतर मधल्या भागात फवारा पोचत नाही आणि कीड तिथूनच परत पसरते.

आता दिवसांचा हिशेब. माव्याला तीन-चार दिवसांच्या अंतराने तीन फवारे. लाल कोळ्याची अंडी उष्ण हवेत तीन दिवसांत फुटतात आणि आठवड्याभरात पिढी पूर्ण होते, म्हणून त्यालाही चार-पाच दिवसांनी, निदान तीनदा. पांढऱ्या माशीचं चक्र साधारण तीन-चार आठवड्यांचं असतं आणि अंडी व कोष फवाऱ्याला दाद देत नाहीत. तेव्हा पाच-पाच दिवसांनी, साबण आणि कडुनिंब आलटून-पालटून, चार ते पाच फवारे लागतात, आणि दुसऱ्यानंतर माश्या कमी दिसल्या म्हणून थांबलात तर मेहनत वाया. फुलकिड्यांचा एक टप्पा मातीत जातो, त्यामुळे पाच-सहा दिवसांच्या अंतराने तीन फवारे आणि जोडीला मातीवर वाळलेल्या पाल्याचं दोन-तीन सेंटिमीटरचं आच्छादन.

पिठ्या ढेकणाच्या अंगावरचं मेण फवारा झटकून टाकतं. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापूस बुडवून एकेक ढेकूण पुसा, अंड्यांच्या कापसासारख्या पिशव्यांसकट. आधी एका पानावर चाचणी घ्या. मग साबण आणि कडुनिंब तेल आलटून-पालटून दर आठवड्याला, निदान महिनाभर. तरीही परत परत येत असेल तर रोप कुंडीतून काढून मुळं बघा, काही जाती तिथेही राहतात.

लाल कोळ्यावर पाण्यात विरघळणारा गंधकही चालतो, लिटरला २ ते ३ ग्रॅम. मात्र ३२ अंशांच्या वर नाही, काकडीवर्गीय वेलांवर नाही, आणि कोणत्याही तेलाच्या फवाऱ्याच्या आगेमागे दोन आठवडे तर मुळीच नाही. तेल आणि गंधक एकत्र आले की पानं भाजतात.

अळ्या

पानं कुरतडली आहेत पण दिवसा काही सापडत नाही, तर रात्री टॉर्च घेऊन जा. रोप जमिनीलगत कापून पडलं असेल तर कुरतडणारी अळी दिवसा त्याच रोपाजवळ, दोन-तीन सेंटिमीटर मातीत वेटोळं करून सापडते. नव्या रोपांभोवती जाड कागदाचं कडं बसवा: ७ सेंटिमीटर रुंद पट्टी, त्यातली २ ते ३ सेंटिमीटर मातीत. गोगलगायीही रात्रीच येतात, पण त्यांचा चकाकता माग पानावर राहतो.

कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, टोमॅटोवरच्या पानं खाणाऱ्या अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएंसिस, त्यातला कुर्स्टाकी हा प्रकार, लिटरला साधारण १ ते २ ग्रॅम. हा जिवाणू अळीच्या पोटात जावा लागतो, म्हणून अळी जिथे खाते तिथे तो पडला पाहिजे, पानाच्या दोन्ही बाजूंनी. काही तासांत अळी खाणं सोडते, मरते मात्र दोन ते पाच दिवसांनी. एक सेंटिमीटरपर्यंतच्या लहान अळ्यांवर तो उत्तम चालतो, मोठ्या अळ्या हाताने वेचाव्यात. उन्हाने तो लवकर निकामी होतो. संध्याकाळी फवारा आणि पाच ते सात दिवसांनी परत. माव्यावर किंवा माशीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही, तरी तो त्यासाठी सर्रास वापरला जातो. अळीच्या पाठीवर तांदळाच्या दाण्यांएवढे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर ती अळी राहू द्या: तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गांधीलमाश्या पुढच्या अळ्या हाताळतील.

काकडी, दोडकं, कारलं यांचं लहान फळ वाकडं होऊन एका टोकाला सडलं तर ती फळमाशी. अंडी सालीच्या आत असतात, फवारा तिथे जात नाही. परागीभवन झाल्यावर, फळ बोटाएवढं होताच त्याला कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधा. कामगंध सापळा नर माश्या पकडतो, त्यामुळे एकट्या सापळ्यावर विसंबू नका. सडलेली फळं मातीत पडू देऊ नका. प्लास्टिकच्या बंद पिशवीत आठवडाभर कडक उन्हात ठेवून मग फेका.

मुंग्या, सापळे, जाळी

माव्यावर मुंग्यांची ये-जा दिसत असेल तर आधी मुंग्या अडवा. चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा किंवा जाड बुंध्याला चिकट पट्टी गुंडाळा. पान भिंतीला टेकू देऊ नका, तोही त्यांचा पूल होतो.

पिवळे चिकट सापळे पांढरी माशी, पंखवाला मावा आणि नागअळीच्या माशीसाठी, निळे फुलकिड्यांसाठी. झाडाच्या शेंड्याच्या थोडं वर टांगा. हे सापळे कीड संपवत नाहीत, ती आली आहे हे आधी सांगतात. मित्रकीटकही त्यांना चिकटतात, म्हणून गरज संपली की काढून टाका.

पांढरी माशी नेहमीचीच असेल तर रोपं लावल्या दिवसापासून ५० मेशची (इंचाला ५० छिद्रांची) जाळी सगळ्यात खात्रीची. फुलपाखरं आणि पतंग अडवायला १ ते २ मिलिमीटर छिद्राची जाळीही पुरते. कडा मातीत दाबा आणि पान जाळीला चिकटू देऊ नका, पतंग बाहेरून त्यावर अंडी घालतात. वेलभाज्यांना फुलं आली की जाळी सकाळी उघडावी लागते किंवा नर फुलाचे पराग मादी फुलावर हाताने लावावे लागतात. आणि आधीच किडलेल्या रोपावर जाळी घातली तर आत किडीला शत्रूविना सुरक्षित घर मिळतं.

पालेभाज्या आणि कोथिंबीर-पुदिन्यासारखा पाला: वेगळा हिशेब

ज्याचा पालाच खायचा त्यावर तेलाचा वास आणि कडू चव राहते. पुदिना किडला तर फवारू नका: मातीपासून ३ ते ४ सेंटिमीटर ठेवून सगळा कापा, कापलेला पाला फेका, फुटवा दोन-तीन आठवड्यांत येतो आणि तो बहुधा स्वच्छ असतो. कोथिंबीर, मेथी यांचं आयुष्यच थोडं. मावा दाट झाला तर उपटून दुसऱ्या कुंडीत नवं बी टाकणं फवाऱ्यांच्या मालिकेपेक्षा स्वस्त पडतं. तुळशीच्या पानांवर वर फिकट ठिपके आणि खाली काळे चकचकीत विष्ठेचे डाग असतील तर जाळीदार पंखांचा बारीक ढेकूण आहे. शेंडे कापा, पानाच्या पाठीवर पाणी मारा, मग साबण.

कडुनिंब फवारलंच तर लेबलवरची मुदत पाळा, घरच्या अर्कानंतर निदान पाच दिवस काढणी नको.

काय टाळावं

तंबाखूचा काढा नको. निकोटिन माणसालाही विषारी आहे, त्वचेतून शरीरात जातं, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणू लागू शकतो. रॉकेल, व्हिनेगर, मीठ यांनी आधी झाड मरतं. घरातल्या झुरळ-डासांच्या फवाऱ्यांची खाण्याच्या झाडाजवळही गरज नाही. लसूण-मिरचीच्या पाण्याने कीड थोडी दूर राहते, मरत नाही. डोळ्यांची आग मात्र नक्की होते.

रासायनिक कीटकनाशक वापरायचंच ठरलं तर लेबलवर ती भाजी आणि ती कीड दोन्ही लिहिलेली हवीत, आणि शेवटच्या फवाऱ्यापासून काढणीपर्यंतचे दिवस मोजूनच तोडणी करावी. कोथिंबीर-पुदिन्यासारख्या पाल्याचं नाव अशा लेबलांवर फार क्वचित असतं. नसेल तर ते औषध त्यासाठी नाही. सुट्या पुडीतलं, बिनलेबलचं औषध घेऊ नका.

बिव्हेरिया, लेकॅनिसिलियम यांसारख्या कीडनाशक बुरशी दमट हवेत, संध्याकाळी, लिटरला साधारण ५ ग्रॅम चालतात. कोरड्या उष्ण हवेत पैसे वाया जातात, आणि त्यांच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक फवारलं तर त्याच मरतात.

कीड येते कशाने

जास्त नत्राने. युरिया किंवा ताजं शेणखत भरपूर मिळालेल्या झाडाचे शेंडे मऊ, गडद हिरवे, रसाळ होतात आणि मावा आधी तिथे बसतो. कीड असताना खत देऊन झाडाला ‘ताकद’ देण्याचा मोह आवरा. नवं रोप आणलं की ते १० ते १४ दिवस इतर झाडांपासून दूर ठेवा. या काळात पानाखालची अंडी फुटून दिसू लागतात. मातीवर उडणारी बारीक काळी चिलटं सतत ओल्या मातीची खूण आहेत: वरचा २ ते ३ सेंटिमीटर थर सुकेपर्यंत पाणी थांबवा, आणि अळ्या फार असतील तर बॅसिलस थुरिंजिएंसिसचाच इस्रायलेन्सिस हा प्रकार पाण्यातून मातीत द्या, कुर्स्टाकी इथे चालणार नाही.

निम्म्याहून जास्त पानं गेलेलं, फळधारणा संपत आलेलं झाड वाचवण्यात अर्थ नसतो. ते शेजारच्या दहा कुंड्यांना कीड पुरवत राहतं. ते पिशवीत घालून काढा, कुंडी साबणाने घासा. माती परत वापरायची असेल तर ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये १० ते १५ सेंटिमीटरच्या थरात पसरून, कडा बंद करून, कडक उन्हात चार ते सहा आठवडे ठेवा. त्यानंतर थोडं कुजलेलं खत मिसळून, आधीच्या भाजीच्या कुळातली भाजी सोडून दुसरं काहीही त्यात लावा: वांगी-टोमॅटो-मिरचीनंतर पालेभाजी किंवा शेंगभाजी.